हेर अहो यांची बंदूक

शनिवार, १० सप्टेंबर २०१६

ह्यांनी आज बंदूक विकत घेतली. लिहून टाकते, म्हणजे उद्या मला स्वतःला खरं वाटेल.

कुंड्यांसाठी स्टँड बघायला फ्लोमार्क्टला, जुन्या बाजारात, गेलो होतो. स्टँड राहिला तिथेच, आणि माझ्या चांगल्या शालीत गुंडाळून चार फुटी बंदूक मागच्या सीटवरून घरी आली. चाळीस वर्षं इंगोलश्टाटमध्ये काढली, शेजाऱ्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही. आज बरी सगळी गल्ली बाल्कनीत!

विकणारा वागेनबाउअर नावाचा, आमच्याहून जरा लहान, गुबगुबीत माणूस. त्याच्या वडिलांची होती म्हणे. त्याच्याकडे स्वतःच्या दोन आहेत, तिसरी कोण पुसत बसणार? ठासणीची रायफल. म्हणजे तोंडाकडून दारू ओतायची, चिंधीवर शिशाची गोळी ठेवून गजाने खाली ठासायची, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. जुन्या धाटणीची असली तरी बनलेली ऐंशी सालच्या आसपास, इटलीत. एकशे दहा युरो, कारण नळी आतून गंजलेली, लाकडाला चीर आणि चाप असा जड की दोन बोटांनी ओढावा लागेल.

"अहो, घरात ठेवणार कुठे हे लोढणं? अहो, ऐकताय का?" मी म्हणते आहे, आणि हे नळीत टॉर्च मारून बघताहेत. पैसे घेऊन झाल्यावर वागेनबाउअर ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "मजा करा, हेर अहो!" मी त्याला सांगणार होते की बाबा रे, त्यांचं नाव शशिकांत परुळेकर, अहो ही माझी हाक आहे. पण ह्यांनीच डोळ्यांनी दाबलं. "राहू दे गं, काय बिघडतंय?" हेर म्हणजे इकडे श्रीयुत, आपल्याकडे गुप्तहेर. मी गाडीत बसेपर्यंत हसत होते.

गंमत म्हणजे एका बाराच्या अशा बंदुकीला इथे परवाना लागत नाही, अठरा पूर्ण असले की झालं. दारूला मात्र लागतो. म्हणजे आपल्या परमिट रूमसारखंच की! वागेनबाउअरकडे आहे परवाना, आणि गावाबाहेरच्या त्याच्या शुत्झेनफेराइनच्या, म्हणजे नेमबाजांच्या क्लबाच्या, मैदानात तो आम्हाला दारू देणार आहे.

खरं तर मी भांडायला हवं होतं. पण सांगलीला कॉलेजात एनसीसीत माझा नेम सगळ्या तुकडीत पहिला होता. नंतर लग्न, जर्मनी, आणि तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांना "आता डावा डोळा झाका" म्हणत बसले. तो लाकडी दस्ता खांद्याला लावला आणि माझं भांडणच विरघळलं. नोव्हेंबरात त्यांच्या क्लबात मोसमाची शेवटची स्पर्धा असते. जेवताना ठरलं: हे बंदूक सुधारणार, मी मारणार.

बुधवार, १४ सप्टेंबर

बाथटबमध्ये बंदूक. अंघोळ सिंकपाशी.

गरम साबणाचं पाणी नळीत ओतून हे दिवसभर गज वरखाली करताहेत. आधी काळं पाणी, मग तपकिरी, संध्याकाळी चहाच्या रंगाचं. हा माणूस आयुष्यभर टेस्टबेंचवर इंजिनं तपासत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं, हा ह्यांचा धर्म. आमच्या घरात मिठाचं प्रमाणसुद्धा असंच ठरलंय.

ह्यांच्या काकांकडे कोकणात अशीच बंदूक होती, रानडुकरं हाकायला. त्यामुळे सगळे शब्द येताहेत. मागचा तो घोडा, पुढचा बारीक खिळा ती माशी, माशीवर नेम धरायचा. "माशी म्हणायचं, जर्मन कॉर्न नाही," मला दटावलं. मला काय, मी आनंदाने दटावून घेतलं. कारण हे हल्ली माझ्याशी दिवसभर मराठीत बोलतात. नोकरीत होते तेव्हा घरी आले की निम्मं जर्मन, निम्मं हं-हं. आता सकाळपासून मराठी, तेही ह्यांच्या आजोळचं. काल पोस्टमनलाही म्हणाले, "या, बसा." तो बिचारा पार्सल धरून उभा. माझा नवरा मला उतारवयात परत मिळाला, असं वाटलं. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात ते काही खोटं नाही.

रविवार, १८ सप्टेंबर

लेकीचा, शर्वाणीचा, कार्ल्सरूहेहून फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीसारखं. म्हणते, पापानी गुरुवारी मला एकाच गोष्टीसाठी तीनदा फोन केला. तिच्या ओळखीची एक डॉक्टरीण आहे तिकडे, स्मरणशक्ती तपासते. अपॉइंटमेंट घेऊ का? आणि तुम्ही दोघं इकडेच राहायला का येत नाही, माझ्याजवळ?

मी म्हटलं, बापाने लेकीला तीनदा फोन केला तर तिने देवाला नमस्कार करावा. चढ्या आवाजात म्हटलं, ते बरोबर नाही झालं. पण राग आलाच मला. माणूस एक गोष्ट चारदा विचारून खात्री करतो म्हणून काय त्याची तपासणी करायची? गंजलेली नळी आरशासारखी केली आहे त्यांनी. ज्याचं डोकं चालत नाही त्याला हे जमेल?

शनिवार, २४ सप्टेंबर

पहिला बार!

क्लबातल्या मैदानाला तिन्ही बाजूंनी मातीचा बांध आणि वर बीचची झाडं. वागेनबाउअर आज देखरेखीला होता. त्याने मोजून भरलेल्या दारूच्या छोट्या प्लॅस्टिक नळ्या स्टँडवर लावून दिल्या: एक नळी, एक बार. घाईत जास्त-कमी व्हायला नको. हे भरणार, मी मारणार ही आमची पद्धत त्याला गमतीची वाटली. बंदूक भरलेली असताना गज कुठवर वर राहतो, तिथे ह्यांनी सुरीने खूण केली.

चिंधीला चोळायला त्याने डबी पुढे केली. ह्यांनी विचारलं, "कसली चरबी?" तो म्हणाला, "गाईची, दुसरी कसली?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शाळेतला अठराशे सत्तावन्नचा धडा काही लगेच विसरत नाही माणूस. मी पर्समधून माझी डबी काढली: घरचं तूप आणि त्यात थोडं मेण. कालच करून ठेवलं होतं, मला शंका होतीच. वागेनबाउअरने वास घेतला आणि म्हणाला, हे पावावर लावून खाईन मी.

आणि मग तो धूर. बार झाला की समोर काही दिसतच नाही. पांढरा ढग हवेत तसाच लटकून राहतो, हळूहळू झाडांत शिरतो, आणि त्याला दिवाळीच्या पहाटेचा वास. मी बंदूक खाली घेऊन नुसती उभी होते. इतकी सावकाश गोष्ट मी कित्येक वर्षांत केली नव्हती. गोळ्या सगळ्या बऱ्याच खाली लागल्या, पण एकमेकींजवळ. हे म्हणाले, माशी उंच आहे, थोडी घासायला हवी.

शनिवार, १ ऑक्टोबर

ह्यांनी माशी घासली. माशी खाली आली की गोळी वर जाते, हे मला काड्यापेटीने समजावून सांगितलं. आज गोळ्या अगदी काळ्या वर्तुळात. माझा हात अजून आहे म्हणायचा! चापही हलका झालाय, लाकडाची चीर बुजवली. एकशे दहा युरोच्या लोढण्याकडे आता वागेनबाउअर जरा असूयेने बघतो.

शनिवार, ८ ऑक्टोबर

इतकं धुकं की डॅन्यूबवरच्या पुलाचा पलीकडचा निम्मा भाग नव्हताच. मैदान उघडेना म्हणून वागेनबाउअरबरोबर नदीकाठी उभे राहिलो, थर्मासमधला चहा घेऊन. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कुणीतरी जगावर दुधाची साय ओढली होती. मला तर वाटलं, ह्यातच राहावं. सूर्य आला नाही तरी चालेल.

हे पाण्याकडे बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "तर कधी येणार गं? काका पलीकडे थांबले असतील."

ह्यांच्या गावी खाडी होती, तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे जायचे. काय सुंदर सुचलं! आयुष्यात कधी एक ओळ कवितेची न म्हटलेला माणूस. वागेनबाउअरने विचारलं, हेर अहो काय म्हणताहेत? आता काका, तर, खाडी, हे सगळं त्याला कुठून सांगू? मी म्हटलं, "म्हणताहेत, असं धुकं त्यांना फार आवडतं." हे माझ्याकडे बघून किंचित हसले. 

सोमवार, १० ऑक्टोबर

खंडेनवमी. आत्तापर्यंत आमच्याकडे शस्त्र म्हणून सुरी, कात्री आणि ह्यांचा पाना पूजेत असायचा. यंदा खरंखुरं शस्त्र! पाटावर बंदूक, झेंडूची फुलं महाग म्हणून बाजारातली अस्टर. मी कुंकू लावायला गेले तर हे ओरडले, "पाणी नको, गंज धरेल." मग कोरडंच कुंकू. आरती म्हणताना ह्यांना शब्द न् शब्द येत होता, मीच दोनदा अडखळले. शर्वाणीने ऐकायला हवं होतं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

गोळ्या वर. अगदी कागदाच्या वर, मातीच्या बांधात. मला वाटलं, माझ्या खांद्याचंच काहीतरी बिनसलं. वागेनबाउअरने माशी बघितली आणि म्हणाला, ही तर जवळजवळ उरलीच नाही, हेर अहोंनी पुन्हा घासली का? हे म्हणाले, "घासायची होतीच ना." जर्मनमध्ये म्हणाले, ठामपणे. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आधी घासली होती का गं मी?"

मी त्याला सांगितलं की आमची कानस फार तिखट आहे, एका हातात दोन हातांचं काम करते. झालं, त्यात काय मोठंसं! नवी माशी मिळते, पितळेची. आठवड्यात येईल. मेंदू तपासायला कार्ल्सरूहेला जाण्यापेक्षा ते सोपं.

असं मी का लिहिलं कुणास ठाऊक. खोडत नाही.

शनिवार, २२ ऑक्टोबर

नवी माशी छान बसली. पण मधेच एकदा केप फुटली, टक्, आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बंदूक हलवायची नाही, तोंड लक्ष्याकडेच धरून थांबायचं, कारण बार उशिराही होऊ शकतो. मी थांबले. हात भरून आले. काही झालं नाही. वागेनबाउअरने गज आत टाकून पाहिला आणि स्टँडकडे बोट दाखवलं. दारूची एक नळी भरलेलीच होती. दारू न घालताच गोळी ठासलेली.

तो म्हणाला, हे सगळ्यांचंच होतं कधीतरी. मागच्या भोकातून त्याने चिमूटभर दारू आत सारली आणि गोळी बाहेर उडवली. हे बाजूला बाकावर बसून होते, हातात चिंध्यांचा गठ्ठा. म्हणाले, "शैला, मला आता हे काम नको देऊस. माझ्याच्याने होत नाही."

वागेनबाउअर बघत होता. मी म्हटलं, "म्हणताहेत, थोडी भूक लागली आहे." मग आम्ही सँडविच खाल्लं. हेही खात होते. येताना गाडीत मी एनसीसीच्या कॅम्पच्या गोष्टी सांगत राहिले. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

रविवार, ३० ऑक्टोबर

दिवाळी. शर्वाणी आली होती. ह्यांनी तिला सगळी बंदूक दाखवली: घोडा, चाप, माशी, गज. ती हसत होती, छान चाललं होतं. मग हे चहा करायला आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. ती उठून गेली. हे स्वयंपाकघरात सगळी कपाटं उघडी टाकून मधोमध उभे होते.

ती मला बाल्कनीत घेऊन गेली. "मामा, दु झीस्ट एस डोख." आई, तुला दिसतंय ना, असं. मी म्हटलं, मला दिसतंय की तू आमचं घर मोडायला निघाली आहेस. इथे सगळं ठीक आहे. बारा तारखेला आमची स्पर्धा आहे, ती झाल्यावर बघू. ती रडली. माझी लेक बाल्कनीत उभी राहून रडली, दिवाळीच्या दिवशी, आणि मी खाली वाकून पणतीची वात सारखी करत राहिले.

बारा तारीख नीट पार पडली की सगळं नीट होईल, असं मला का वाटतंय? पण वाटतंय.

शनिवार, १२ नोव्हेंबर

सलग लिहिते, नाहीतर राहून जाईल.

कोवळं ऊन होतं आणि गवतावर पांढरं दहिवर. आठदहा जण होते क्लबचे, जुन्या टोप्या घालून. माझे पहिले बार फार सुरेख गेले. धूर उठायचा, विरायचा, आणि पलीकडे काळ्या वर्तुळात भोकं शेजारी शेजारी. एका बाईने येऊन माझा खांदा थोपटला. मला वाटलं, आता थोडंच उरलंय, जमलं हे.

मग ह्यांनी भरून दिलेली बंदूक मी खांद्याला लावली, माशीवर नेम धरला, चाप ओढला. टक्. काही नाही.

मी तोंड लक्ष्याकडे धरून थांबले. वागेनबाउअर शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, मागचं भोक कोंदलं असेल, तार घालून साफ करा, नवी केप लावा आणि परत मारा. तसंच करतात, नवल नाही. मी तार फिरवली. केप बसवायला बोटं पुढे केली.

हे माझ्या कानाशी आले. "शैला, थांब. मी दोनदा ठासलंय का गं? मला आठवत नाही."

वागेनबाउअर म्हणाला, "वास झाग्ट एर?" काय म्हणताहेत ते?

दारूच्या नळ्या बघून काही कळत नव्हतं, ह्यांनी रिकाम्या आणि भरलेल्या एकत्र करून ठेवल्या होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं: म्हणताहेत, केप दमट असेल. वाक्य जर्मनमध्ये तयार होतं, अगदी क्रियापदासकट. सगळे बघत होते. माझा गाल त्या दस्त्याला टेकणार होता, आणि आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, ह्यांना ठाऊक नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला भीती स्फोटाची नाही वाटली. खरं बोलायचीच वाटली, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

मी केप खाली ठेवली. म्हटलं, "ते म्हणताहेत, मी दोनदा भरलं असेल, मला आठवत नाही. त्यांना हल्ली आठवत नाही."

वागेनबाउअरने बंदूक माझ्या हातातून हळूच घेतली आणि गज नळीत सोडला. सुरीची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती चांगली चार बोटं वर राहिली. आत दोन बार होते, एकावर एक.

 मग हे बोलले. स्वच्छ जर्मनमध्ये, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलायचे तसे, क्रियापदं जागच्या जागी: "आभारी आहे. मी हे आधीही सांगितलं होतं, हेर वागेनबाउअर. माझी बायको भाषांतर चुकीचं करते."

वागेनबाउअरने टोपी काढली. म्हणाला, "हेर अहो, इथून पुढे तुम्ही माझ्याजवळ बसायचं, देखरेखीला." हे म्हणाले, "गेनाऊ," अगदी बरोबर. मी बाकावर जाऊन बसले. स्क्रूने गोळ्या ओढून काढायला त्याला बराच वेळ लागला. स्पर्धेत पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

गाडी मी चालवत होते. पूल ओलांडला आणि मला राहवेना. "तुम्हाला सगळं कळत होतं? मी त्यांना काय सांगायचे ते?"

"चाळीस वर्षं इथे नोकरी केली, शैला. जर्मन येतं मला."

"मग गप्प का बसलात? मला अडवायचं नाही?"

हे खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, प्रश्न विसरले. मग म्हणाले, "तुझ्या भाषांतरातला माणूस शहाणा होता गं. त्याला धुकं आवडायचं, भूक लागायची. मला वाटायचं, तोच मी असतो तर बरं."

मी गाडी बाजूला घेतली. दोघंही रडलो, चांगले हमसून, मागून हॉर्न वाजवत जाणाऱ्यांना न जुमानता.

घरी येऊन शर्वाणीला मीच फोन लावला. डॉक्टरीणबाईंची वेळ घे म्हटलं. तिचा आवाज एकदम लहान झाला. मग तिने विचारलं, पापाला कसं वाटतंय, तो काय म्हणतोय?

मी तोंड उघडलं होतं. मग फोन ह्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिले.